सगळे रिपोर्ट नॉर्मल

कोपरखैरणे
११ ऑगस्ट १९९७

ती. जयमालाताईंस,
चारुलताचा नमस्कार.

ईश्वरीला कराडला येऊन आज दोन आठवडे झाले. हे तिला तुमच्याकडे सोडून आले तेव्हा म्हणाले होते, "हात बरा झाला की ताई स्वतः आणून सोडेल." एव्हाना बरा झाला असेल. सात वर्षांच्या पोरांची कातडी लवकर भरून येते, असं इथले डॉक्टरही म्हणाले होते. पंचवीस तारखेपासून तिची चाचणी आहे. दुसरीचं वर्ष आहे, बुडायला नको. तुम्ही स्वतः शाळेच्या मुख्याध्यापिका, तुम्हाला मी काय सांगणार!

ती केस विंचरू देते का? तिला गुंता काढताना गोष्ट लागते. कुठलीही चालते.

तुम्ही फोनवर ह्यांना पुन्हा विचारलंत म्हणे, की नेमकं कसं झालं. मी तेव्हाच सांगितलं होतं. दुधाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं, ती धावत आली, दूध सांडलं, हात भाजला. एवढंच झालं. धावत्या पोरांच्या घरात असं होतं.

माझी तब्येत आता ठीक आहे. ऑफिसला रजेवर आहे, पण माझी शिल्लक रजा आहे ती, कुणाचे उपकार नाहीत. बेलापूरला आमच्या टायपिंग सेक्शनला दोन बायका नवीन आल्यात, त्यामुळे काम अडत नाही. अक्षर जरा वेडंवाकडं वाटेल. तीन वेळा बसून लिहिलं, म्हणून तीन तऱ्हांचं झालंय.

कधी येताय ते कळवा. मी वाशीला एसटी थांब्यावर येऊन उभी राहीन.

तुमची,
चारुलता


४ सप्टेंबर १९९७

ताई,

आज मी ईश्वरीच्या शाळेत गेले होते. बाईंना सांगायला गेले की अजून दहा-बारा दिवस ती येणार नाही. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तिचा दाखला तर मागच्या सोमवारी नेला तिच्या वडिलांनी. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "माहीत आहे, विसरले." त्या बाईंसमोर दुसरं काय म्हणणार होते?

तुम्ही तिला तुमच्या शाळेत घातलंत. तुमच्या भावाने सही केली आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातचा चहा प्यायला. आज मी विचारलं तर म्हणाले, "तुझ्याच्याने होत नाही ना चारू? तूच म्हणतेस रोज. मग?"

हो, मीच म्हणते रोज. चार वर्षं म्हणते आहे. एकोणीसशे त्र्याण्णवच्या पावसाळ्यात तो मोठा ताप आला, तो उतरला आणि अंगदुखी मागे राहून गेली. तुम्हाला वाटतं गुडघा दुखतो, पाठ दुखते, तसं. तसं नाही. जत्रेत दिवसभर चालून आल्यावर अंग जसं ठणकतं, तसं मला सकाळी उठताना असतं. नऊ तास झोपून उठले की. ब्लाउजची शिवण टोचते. कंगवा टोचतो. कुणी खांद्यावर हात ठेवला तर किंचाळावंसं वाटतं. ऑफिसात एक पान टाइप केलं की बोटं जड होतात आणि मघाशी वाचलेली ओळ आठवत नाही. वाशीतले हाडांचे डॉक्टर झाले, रक्त झालं, एक्सरे झाले, पाठीत दोन इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर फाइल मिटून हसत म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल. अभिनंदन, तुम्हाला काही झालेलं नाही."

तेव्हापासून घरात तेच वाक्य आहे. रिपोर्ट नॉर्मल आहेत. भाजी झाली नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत. पाहुण्यांसमोर झोपले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्ही मागे आला होतात तेव्हा स्वयंपाकघरात ह्यांना म्हणालात, "काम टाळायची मुंबईची थेरं आहेत ही." दार उघडं होतं, ताई. मी आतल्या खोलीत होते. दुखण्याने कान जात नाहीत.

माझे आईवडील असते तर त्यांना लिहिलं असतं. तुम्हीच आहात. बाळंतपणात तुम्ही दीड महिना येऊन राहिलात, रोज सकाळी माझ्या पायांना तेल लावलंत. ते मी विसरलेले नाही. म्हणून विचारते: तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला मूल नाही, म्हणून माझं ठेवून घेणार का?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

चारुलता


१७ ऑक्टोबर १९९७

ती. ताईंस,
नमस्कार.

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. ईश्वरीचं पोस्टकार्ड आलं. "आई मी मजेत आहे. आत्याकडे मांजर आहे." त्यावरच्या ओळी तुमच्या पेन्सिलीने आखून दिलेल्या होत्या. ते कार्ड मी उशीखाली ठेवलं आहे.

आज रागाने लिहीत नाही. आज बातमी आहे. माझ्या दुखण्याला नाव आहे!

आमच्या हेडक्लार्कबाईंच्या भावजयीने सांगितलं म्हणून मी काल मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. गुरुवारी तिथे सांधेदुखीची ओपीडी असते. डॉ. क्षिप्रा नाडगौडा म्हणून बाई आहेत, साधारण तुमच्याच वयाच्या. मी सवयीप्रमाणे फाइल पुढे केली आणि म्हटलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत." त्या म्हणाल्या, "असणारच. ते बाजूला ठेवा. झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, ते सांगा."

चार वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तिथे रडले.

मग त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. मान, खांदे, कोपर, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. अठरा ठरलेल्या जागा असतात म्हणे, त्यांतल्या अकरा दुखल्या तर हा आजार धरतात. माझ्या सोळा दुखल्या. फायब्रोमायाल्जिया. त्यांनी कागदावर देवनागरीत लिहून दिलं, मी बसमध्ये बसून पाठ केलं. रक्तात दिसत नाही, एक्सरेत दिसत नाही. त्याने माणूस मरत नाही, सांधे वाकडे होत नाहीत. पण पूर्ण बराही होत नाही. सांभाळावा लागतो.

मी विचारलं, "मग गोळी कोणती?" त्या म्हणाल्या, "एका गोळीचं काम नाही हे. आम्ही तिघं मिळून बघू, चौथ्या तुम्ही." त्या स्वतः, मग व्यायामाचे आशुतोष सर, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आणखी एक डॉक्टर. झोपण्याआधी घ्यायची एक बारीक गोळी दिली आहे, दहा मिलिग्रॅमची. आशुतोष सरांनी रोज पाच मिनिटं चालायला सांगितलंय. मी म्हटलं, "पाच? मी बसस्टॉपपर्यंत पंधरा मिनिटं चालते." म्हणाले, "आणि मग दोन दिवस झोपता. पाच म्हणजे पाचच. बरं वाटलं तरी पाच."

ताई, दिवाळीला तिला घेऊन या. तुम्हीही राहा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तुमची,
चारुलता


२० नोव्हेंबर १९९७

ताई,

भाऊबीजेला हे एकटेच कराडला आले. मला म्हणाले, "तुला प्रवास झेपायचा नाही." ओवाळणी घेतलीत, फराळ केलात, आणि माझा कागद वाचलात.

तो कागद त्यांना माझ्या पर्समध्ये सापडला. वर छापलंय, मानसोपचार विभाग. तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणजे कोण, ते मी घरी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं काय होईल ते.

आणि तसंच झालं. चार महिन्यांत तुमचं पहिलं पत्र आलं, तेही चार ओळींचं. "वेड्यांच्या डॉक्टरची औषधं घेणाऱ्या बाईच्या हवाली मी पोर करणार नाही. श्यामने वकिलाशी बोलून ठेवावं."

मी ते पत्र ह्यांच्यासमोर ठेवलं. विचारलं, "वकिलाशी बोललात?" ते बूट घालत होते, सेकंड शिफ्ट होती. म्हणाले, "अजून नाही." ताई, त्या 'अजून'ने मला जेवढं दुखलं तेवढं त्या सोळा जागांनी मिळून दुखलं नाही.

मी मग शहाणी आहे हे दाखवायला काय केलं, तर गोळी बंद केली. तीन आठवड्यांत झोप नुकती लागायला लागली होती. सकाळी तोंड कोरडं पडायचं, पेंग असायची, पण उठल्यावर हात माझे वाटायचे. ते सगळं मी बंद केलं. हॉस्पिटलला जाणं बंद, चालणं बंद. म्हटलं, आता कागदच नाही, आता काय वाचतील?

आठव्या दिवशी ऑफिसात खुर्चीवरून उठता येईना. जिन्यापर्यंत मला दोघींनी धरून नेलं, आणि त्यांनी धरलं तिथेच दुखत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. चांगल्या मनाने धरलं होतं त्यांनी. आता बिनपगारी रजा सुरू झाली आहे.

दिवसभर एकटी असते. समोरच्या बोनकोडे गावातल्या गोजराबाई येतात, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवतात. त्या आगरी, जुन्या वस्तीतल्या. त्यांच्या शेतावरच आमची ही सिडकोची घरं उभी आहेत. काल म्हणाल्या, "तुजी पोर कवा येनार गो? घर कसा मसनासारका वाटतंय." मी सांगितलं, परीक्षा झाली की.

ताई, गोळी घेतली तर मी वेडी. नाही घेतली तर मी निकामी. दोन्हीकडून पोर तुमचीच. मला एक सांगा, मी नेमकं काय केलं म्हणजे ती मला परत मिळेल? तुम्ही सांगाल ते करते.

चारुलता


१५ जानेवारी १९९८

ती. ताईंस,

डिसेंबरात मी पुन्हा हॉस्पिटलला गेले. डॉ. नाडगौडा रागावल्या नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, आता पंचवीसची आहे. चालणं पुन्हा पाच मिनिटांवर आणलं, ह्या आठवड्यात सहा. आशुतोष सरांनी एक वही करायला लावली आहे. चांगल्या दिवशी सगळं उरकून टाकायचं नाही, निम्मंच करायचं. वाईट दिवशी पूर्ण झोपायचं नाही, निम्मं उठायचं. ऐकायला सोपं आहे. करताना रडू येतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी मागच्या गुरुवारी विचारलं, "मुलगी परत आली तर तुम्हाला सर्वात जास्त भीती कशाची वाटते?" मी म्हटलं, "ती परत येणार नाही ह्याची." ते म्हणाले, "ते नाही विचारलं. आली तर."

 मग सांगितलं. ते म्हणाले, "हे ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा. कधी, ते तुम्ही ठरवा. पण हे पोटात ठेवून तुम्हाला बरं वाटणार नाही." आज आठवडा झाला. आता लिहिते.

दूध सांडलं नव्हतं.

वीस जुलैची सकाळ होती, रविवार. मी ओट्याशी पोळ्या करत होते. दंड वर उचलत नव्हते, म्हणून तापलेल्या दुधाचं पातेलं वर ठेवण्याऐवजी खाली फरशीवर भिंतीला लावून ठेवलं होतं. ईश्वरी उठून आली आणि मागून माझ्या कमरेला तिने मिठी मारली. गच्च. तिची ती रोजची मिठी. मला कुणीतरी तापलेली पट्टी आवळावी तसं झालं. मी ओरडले, आणि तिला ढकललं.

कोपराने ढकललं. जोरात. ती मागे पडली, हात पातेल्यात गेला.

मी मुद्दाम केलं नाही. हे सगळेच म्हणतात. पण ढकलताना ती कोण आहे हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं. फक्त ते माझ्यापासून सुटावं, एवढंच हवं होतं.

ती रडायच्या आधी काय म्हणाली ते सांगते. म्हणाली, "सॉरी आई."

हे आंघोळीला होते. बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, "दूध सांडलं." ईश्वरीने माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "दूध सांडलं बाबा." मी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या पोरीने माझ्यासाठी खोटं बोलायला एक क्षण घेतला.

तिने तुम्हाला सांगितलं नसेलच. सहा महिने ती ते घेऊन तुमच्या घरात फिरते आहे. मला ते सहन होत नाही म्हणून लिहिलं. आता तुमच्या हातात माझ्याविरुद्ध कागद आहे, माझ्याच अक्षरातला. काय करायचं ते करा. फक्त तिला एकदा सांगा की तिची चूक नव्हती.

चारुलता


२७ फेब्रुवारी १९९८

ताई,

सहा आठवडे झाले. पोस्टमन आला की मी दारात असते. तुमचं काही नाही.

घडलं ते तुम्हाला कळवायला हवं, कारण त्यात तुमचा भाऊही आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या मनात नको ते आलं. सविस्तर लिहीत नाही. एवढंच, की मी गेले तर सगळ्यांचे प्रश्न सुटतील, असं दुपारभर वाटत राहिलं, आणि ते विचार मला शांत वाटायला लागले. त्या शांतपणाची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. व्यायामाच्या चटईवर आशुतोष सरांना म्हटलं, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही." ते खाली बसले. "येणार नाही, की नसणार?" असं सरळ विचारलं. मी चटई गुंडाळायला लागले. त्यांनी मला तिथून हलू दिलं नाही. डॉ. नाडगौडांनी तुर्भ्याच्या कंपनीत फोन करून ह्यांना बोलावून घेतलं.

कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आले हे. एका खोलीत बसवलं आम्हाला, समोर ते तिघं. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर म्हणणार, बघा, वेडी आहे. ते म्हणालेही. "डॉक्टर, एकदा सांगून टाका. हिला वेड आहे का?"

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "नाही. आणि असतं तरी मी औषधच दिलं असतं, शिक्षा नाही."

डॉ. नाडगौडा उठून ह्यांच्या मागे गेल्या. खांद्यावर अंगठा दाबला. "दुखतं?" हे म्हणाले, "नाही. दाबल्याचं कळतंय." मग माझ्यामागे आल्या. "तेवढंच दाबते हं, चारुलताबाई. ओठ चावू नका, आज लपवायचं नाही." मी ओरडले. बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला.

हे माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "दुखण्याची बातमी हिच्या मेंदूपर्यंत पोचता पोचता मोठी होते. पण बातमी खोटी नसते. तुमच्या घरात चार वर्षं ती खोटी ठरवली जाते आहे."

मग मी ह्यांना तिथेच दुधाचं सांगितलं. पातेलं, मिठी, कोपर, सगळं.  आपल्या हातांकडे बघत हे म्हणाले, "मला वाटलंच होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं."

आणि आशुतोष सरांकडे वळून म्हणाले, "मी काय करायचं ते सांगा. मला नुसतं बसून बघवत नाही, म्हणून मी बघायचंच सोडून दिलं होतं."

सर म्हणाले, "रोज हिच्याबरोबर चाला. आठ मिनिटं. ती नऊ म्हणाली तरी आठच." हसू आलं मला. त्या खोलीत.

गोळ्या आता ह्यांच्या कपाटात असतात, मोजून देतात. दर गुरुवारी मला त्या तिघांपैकी एकाला भेटावंच लागतं. पण ताई, हे सगळं होऊनही घरात ती नाही. संध्याकाळी आठ मिनिटं चालून आम्ही दोघं परत येतो आणि कुलूप आपणच उघडतो.

एक ओळ तरी लिहा. शिवी लिहिलीत तरी चालेल.

चारुलता


२ जुलै १९९८

ती. जयमालाताईंस,
चारुलताचा नमस्कार.

मे महिन्यात आम्ही दोघं कराडला आलो ते तुम्ही बोलावलंत म्हणून. तुमच्या त्या एका ओळीच्या कार्डाने, "दोघं या, पोर विचारते." तेव्हा तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. निघताना एसटी स्टँडवर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "आणि पुन्हा ढकललंस तर?" गाडी लागली होती, मी चढले. मी खिडकीतून तुमच्याकडे बघत राहिले, तुम्ही पदर तोंडाला लावून उभ्या होतात. हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशीर झाला, पण विचार करून लिहिते.

आधी एक गोष्ट, जी तुम्ही पाहिली नाहीत. आम्ही आलो तेव्हा ईश्वरी ओसरीत खांबामागे उभी होती आणि तुम्ही पाणी आणायला म्हणून आत गेलात, ते बराच वेळ आलाच नाहीत. आता कळतं, मुद्दामच. मी पायरीवर बसले. किती उंच झाली होती ती! तुमच्या हातचे दोन वेण्यांचे पेड, तुम्ही शिवलेला फ्रॉक. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी. ती हात पाठीमागे धरून उभी होती. मला दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "ईशू, मी तुला ढकललं होतं. दूध आपोआप सांडलं नव्हतं. तू काही केलं नव्हतंस. मला दुखत होतं आणि मी तुला ढकललं. ती माझी चूक होती."

ती खांबामागून थोडी पुढे आली. मग हळूच विचारलं, "मग आता मी सांगितलं तरी चालेल?"

"कुणाला?"

"आत्याला. आत्याने मला दोनदा विचारलं. मी खोटं बोलले तिच्याशी. तिने देवाची शपथ घ्यायला नाही लावली, नाहीतर मला पाप लागलं असतं."

म्हणजे ताई, माझं जानेवारीचं पत्र पोचल्यावर तुम्ही तिला विचारलंत, ती खोटं बोलली, आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. माझं पत्र वकिलाकडे गेलं नाही. ह्यांच्याकडेही गेलं नाही. एवढे महिने मी तुम्हाला दगड समजत होते, आणि तुम्ही एका पोरीचं खोटं सांभाळत बसला होतात. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. तुमच्याकडून तिला आणताना मी काय केलं ते मला कळत होतं. पोर मला परत मिळाली, त्याच गाडीने तुमची गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं. पुन्हा ढकलणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. द्यायला मला आवडलं असतं. तिसऱ्या मजल्यावर मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "वचन नको. युक्ती करा." आम्ही तिघांनी बसून केली. हे, मी आणि ईश्वरी. मागून यायचं नाही. समोरून यायचं आणि विचारायचं. मी खरं उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर ते तिला नाही, दुखण्याला नाही. आणि गरम भांडं खाली ठेवायचं नाही. ह्यांनी ओट्याजवळ कमरेएवढ्या उंचीची फळी ठोकून घेतली आहे.

कागदावर छान वाटतं. मंगळवारी काय झालं ते ऐका.

ऑफिस पुन्हा सुरू केलंय; सोमवारी मी तिथे चार पानं जास्त टाइप केली होती. वहीत निम्म्याचा नियम आहे, तो मोडला, कारण नवीन साहेबांसमोर मला इतरांसारखी दिसायचं होतं. मंगळवारी उठताच आलं नाही. शाळा सुटल्यावर ईश्वरी धावत आत आली, दप्तर टाकलं आणि सरळ माझ्या अंगावर येणार, तेवढ्यात मी हात वर केला. "थांब. आज नाही." ती जागीच थांबली. एक पाऊलही पुढे नाही. तिचा चेहरा असा झाला, ताई, की ढकललं असतं तर बरं, असं वाटलं. मग ती वळली आणि निघून गेली.

मला उठता येईना. हाका मारल्या. अर्ध्या तासाने गोजराबाई दारात आल्या. "तुजी पोर पलाली नाय गो. आमचे ओटीवर बसलीय, भाकर खातेय. रडतेय तं रडू दे जरा. तू पन रड." आणि त्या बसल्या माझ्याजवळ, हात न लावता. त्यांना माहीत झालंय आता.

हे कामावरून आल्यावर तिला घेऊन आले. ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना ह्यांना म्हणाली, "मला आत्याकडे जायचंय." हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत जा." ती म्हणाली, "आत्ता." मी पानावरून उठले.

हे तुम्हाला न सांगता गोड पत्र लिहिता आलं असतं. पण लपवायला मी आता भिते. तिला तुमची आठवण येते. रविवारी ती तुमच्या मांजरीचं नाव घेऊन झोपेत बोलत होती. मी रागावले नाही. म्हणजे, थोडी रागावले. मग वाटलं, तिला माणसं दोन आहेत म्हणून मी एक तरी आहे. माझ्या वाईट दिवशी तिला जायला गोजराबाईंची ओटी आहे, पण ती ओटी तुमची नाही. ताई, तुम्हाला निवृत्तीला दीड वर्ष आहे. तोवर सुट्ट्यांना या. माझ्यावर नजर ठेवायला आलात तरी मला चालेल. मला नजर हवी आहे. आधी मला वाटायचं, कुणाची मदत घेतली की आपण आई म्हणून नापास. चार वर्षं एकटीने पास व्हायला गेले आणि काय झालं ते तिच्या हातावर आहे.

मी बरी झालेली नाही. गोळी चालू आहे, वीस मिनिटं चालते, झोप बरी लागते. महिन्यातले बारा-तेरा दिवस चांगले म्हणता येतील असे असतात. पूर्वी दोन असायचे. डॉ. नाडगौडा म्हणतात, हेच पुढे न्यायचं. मी त्यांना म्हटलं, "आयुष्यभर?" त्या म्हणाल्या, "आधी गुरुवारपर्यंत."

आज गुरुवार. रजा टाकून हॉस्पिटलला जाऊन आले. ईश्वरी दुपारी शाळेतून आली, दप्तर जागेवर ठेवलं, हातपाय धुतले. मी पलंगावर बसले होते. ती दारात उभी राहिली, नखं कुरतडत. दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आज?"

आजचा दिवस चांगला नव्हता. तरी मी "हो" म्हटलं. ती समोरून आली, सावकाश, आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मी डोळे मिटून घेतले. तिला ते कळलंच.

"दुखतंय?"

"हो."

"किती?" तिने हात सैल केले नाहीत, आवळलेही नाहीत.

मी म्हटलं, "चालेल एवढं."

तुमची,
चारू